अठरा नावांची यादी

कोल्हापुरात फुटबॉलवर लेख लिहायचा म्हणजे गवयाच्या घरी जाऊन त्याला भूप समजावून सांगण्यासारखे आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे आपल्याकडे पोरांच्या कानांवर बारशाच्या घुगऱ्यांबरोबरच पडतात. ज्या तालमीच्या हौद्यात बापाने कुस्ती धरली, तिच्याच नावाचा सदरा घालून मुलगा चेंडू लाथाडतो. शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे माझ्या गायनवर्गाला निम्मी मुले दांडी मारतात, आणि उरलेल्या निम्म्यांना मी लवकर सोडतो. का सोडतो हे त्यांना ठाऊक असते. आम्ही एकमेकांना विचारीत नाही.

तेव्हा आपल्या संघांविषयी मी काही सांगणार नाही. ज्याचे नाव आपल्यापैकी कोणी ऐकलेले नाही आणि बहुधा ऐकणारही नाही, अशा एका संघाविषयी लिहायचे आहे. बिदरच्या एका महाविद्यालयाचा तो संघ, आणि त्यात आहे कमठाण्याचा माझा भाचा.

माझी थोरली बहीण कमठाण्याला दिलेली. बिदर तालुक्यातले हे गाव. तांबडी माती, तुरीची आणि ज्वारीची शेते, आणि एका ओट्यावर बसलेल्या चार माणसांच्या तोंडी मराठी, कानडी, दखनी आणि थोडी तेलुगू. अक्का लग्न होऊन गेली तेव्हा तिला कानडीचे अक्षर येत नव्हते. आता ती भाजीवाल्याशी कानडीत घासाघीस करते आणि देवापुढे मराठीत गाऱ्हाणे घालते. तिचा फोन आला तो दिवेलागणीला. म्हणाली, "पोराने चार दिवस झाले कॉलेज सोडलंय. जेवतो आणि भिंतीकडं तोंड करून निजतो. दाजींचं ऐकत नाही. तुझं ऐकेल. येऊन जा."

मी विचारले, झाले काय? तर म्हणाली, "कसली यादी लागली म्हणे."

'यादी' हा शब्द ऐकून मी जरा चपापलो. त्याचे कारण पुढे सांगतो.

सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद असा एस्टीचा आणि मग कर्नाटकाच्या गाडीचा प्रवास करून मी दुसऱ्या दिवशी पोचलो. भाचा ओसरीवर होता. उंच, हाडापेराने रुंद, पायांत जुने बूट. बूट घातलेले पाहून मला बरे वाटले. खेळ खरोखर सोडलेला मुलगा घरात बूट घालून बसत नाही.

हकीकत अशी. या संघाने तीन वर्षांत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची दुसरी फेरी पाहिलेली नव्हती. गेल्या वर्षी पहिल्याच सामन्यात पाच गोल खाल्ले आणि एकही केला नाही. यंदा शारीरिक शिक्षणाचे नवे शिक्षक आले. त्यांनी पंधरा दिवस सगळ्यांना पळवले, खेळवले, वहीत काहीबाही टिपले, आणि एके दिवशी फळ्याशेजारी अठरा नावांची यादी लावली. नावापुढे जागा लिहिलेली. ज्याने आजवर उजवीकडून खेळ केला तो डावीकडे; मधला बचावात; आणि माझा भाचा, जो शाळेपासून सेंटर फॉरवर्ड, त्याच्या नावापुढे लिहिले होते 'गोलरक्षक'.

"मामा, गोलात कोण उभं राहतं ठाऊक आहे का?" तो म्हणाला. "ज्याला पळता येत नाही तो. गल्लीत खेळताना जाड्या पोराला उभं करतात."

हे खोटे आहे असे मला म्हणता येईना. आपल्या पेठेतही तसेच करतात.

संध्याकाळी त्याला न सांगता मी बिदरला मैदानावर गेलो. मैदान म्हणजे मुरमाची सपाट जागा. पडला की गुडघा सोलवटलाच. एका अंगाला क्रिकेटची पोरे, त्यांची संख्या दुप्पट. उरलेल्या भागात आपले सतरा जण. शेतकऱ्यांची पोरे, एक जीपवाल्याचा मुलगा, एक बिदरी नक्षीकाम करणाऱ्या कारागिराचा. तांबे आणि जस्ताच्या काळ्या भांड्यावर चांदीची तार ठोकून बसवणाऱ्या घरातला हा पोरगा पायानेही तसाच बारीक काम करीत होता. पण त्याला ते करू देत नव्हते. चेंडू पायाला लागला की दुसऱ्याच स्पर्शाला तो सोडायचा, असा नियम. तिसरा स्पर्श झाला की शिट्टी. मास्तर ओरडत नव्हते, नुसती शिट्टी. थोड्या वेळाने दुसरा नियम: उजव्या पायाच्या मुलांनी फक्त डाव्याने खेळायचे. पोरे अडखळत होती, हसत होती, चिडत होती.

मला हसू आले, कारण मी स्वतः वर्गात हेच करतो. तानेची हौस असलेल्या मुलाला महिनाभर तान बंद. नुसत्या आलापीत राग दाखव म्हणावे. तबल्याच्या मुलाचा उजवा हात बांधल्यासारखा करून डग्गा घोटवून घ्यावा. मास्तरांना मी हे बोललो तेव्हा ते म्हणाले, "ही माझी अक्कल नाही साहेब. ही रहीमसाहेबांची."

इथे थोडे थांबून रहीमसाहेबांविषयी सांगितले पाहिजे. २०२४ साली 'मैदान' नावाचा हिंदी चित्रपट त्यांच्यावर निघाला, त्यामुळे नव्या पिढीला नाव तरी कळले. पण आपल्या जुन्या घरांतून, जिथे फुटबॉलची एवढी चर्चा होते, तिथेही त्यांच्याविषयी फारसे बोलले जात नाही, याचे मला नवल वाटत आले आहे.

सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे. जन्म १९०९. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, आणि पेशाने शाळामास्तर. आयुष्यभर ते शाळेत शिकवीत राहिले असते तरी कोणी चूक म्हटले नसते. पण शिकवता शिकवता त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली, १९४३ साली हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे चिटणीसपद पत्करले, आणि १९५० साली हैदराबाद सिटी पोलीस या संघाची शिकवणी हाती घेतली. त्या वर्षापासून पुढे काय झाले ते मुंबईने कूपरेजच्या मैदानावर डोळ्यांनी पाहिले. रोव्हर्स कप ही देशातल्या जुन्यात जुन्या स्पर्धांपैकी एक. ती हैदराबादच्या पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकली. कलकत्त्याच्या मातब्बर संघांना हे शाळामास्तरचे शिपाई भारी पडले.

हिंदुस्थानच्या संघाची जबाबदारीही त्यांच्याकडेच आली. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत इराणचा १–० असा पराभव करून सुवर्णपदक मिळाले. आणि पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०–१ असे धुतले. आपले कित्येक खेळाडू तिथे अनवाणी खेळले होते. दहा गोल खाऊन आल्यावर माणूस एक तर राजीनामा देतो किंवा पंचांना शिव्या देतो. रहीमसाहेबांनी अभ्यास केला. त्यानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. वर सांगितलेल्या युक्त्या त्यांच्याच: ड्रिब्लिंग करायचे नाही अशा अटीच्या स्पर्धा, कमजोर पायानेच खेळायच्या स्पर्धा. हैदराबादच्या गल्ल्यांतली पोरे कौशल्याला कमी नव्हती, पण प्रत्येकाला वाटे की चेंडू आपलाच. गवयांच्या भाषेत सांगायचे तर सगळेच मुख्य गायक, साथीला कोणी नाही. रहीमसाहेबांनी त्यांना साथ करायला शिकवले.

फळ आले ते १९५६ साली मेलबर्नला. यजमान ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरी ४–२ असे हरवले. त्यांतले तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने केले. ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो. त्या संघात नूर महंमद, अझीझ, झुल्फिकार, बलराम अशी हैदराबादकडची पोरे किती होती पाहा. तुळसीदास बलराम हा सिकंदराबादजवळच्या गरीब घरातला मुलगा. सरावाला शहरात यायला पैसे नाहीत म्हणाला, तेव्हा रहीमसाहेबांनी त्याला सायकल भाड्याने घ्यायला रोजचा रुपया दिला, ही आठवण बलराम म्हातारपणीही सांगत. २०२३ साली ते गेले.

आणि १९६२ चे जकार्ता. पहिलाच सामना दक्षिण कोरियाविरुद्ध २–० असा हरलो. पुढे थायलंड आणि जपान यांना हरवले, पण जर्नैलसिंग हा बचावाचा कणा, त्याचे डोके फुटून टाके पडले. अशा खेळाडूला बाहेर बसवायचे, हा सरळ हिशेब. रहीमसाहेबांनी त्याला उचलून आघाडीत उभा केला. कॉलेजात असताना तो आघाडीला खेळत असे, हे त्यांनी लक्षात ठेवले होते. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने गोल केला. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात पुन्हा त्याच कोरियाविरुद्ध पी. के. बॅनर्जींनी पहिला आणि पट्टी बांधलेल्या जर्नैलने दुसरा. गोलात तापातून उठलेला पीटर थंगराज. प्रेक्षागृह सगळे आपल्या विरुद्ध, कारण राजकारणावरून यजमान आपल्यावर रुसले होते. सामना २–१ असा जिंकला. रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोगाने घेरले होते. पुढच्या वर्षी, ११ जून १९६३ रोजी, ते वारले. आशियाई खेळांत फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर आपल्याला मिळालेले नाही.

मास्तरांच्या वहीत रहीमसाहेबांचे वर्तमानपत्रातून कापलेले एक चित्र होते. ते हैदराबादला शिकलेले. दखनी मिसळलेल्या मराठीत बोलत. बिदरही निजामाच्याच राज्यातले, १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलेले. तेव्हा या वारशावर आपलाही हक्क आहे असे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, "हक्क आहे. पण माझा भाचा चार दिवस घरी बसलाय."

"जाणतो," ते म्हणाले. "मी रोज त्याची वाट पाहतो. दुसऱ्या कोणाला गोलात उभं केलेलं नाही."

"त्यालाच का?"

मास्तरांनी वही उघडली. भाच्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत ओळी होत्या. उंची. हाताची पकड: कबड्डी खेळलेला. आणि मग: चेंडू लांब असताना सर्वांत जास्त हा बोलतो, कोण मोकळा आहे ते याला सर्वांआधी दिसते, स्वतःच्या पायात चेंडू आला की मात्र गोंधळतो. "सतरा जणांना मैदान दिसत नाही, त्याला दिसतं," मास्तर म्हणाले. "मैदान जिथून सगळं दिसतं अशी जागा एकच आहे."

मी विचारले, "हे त्याला सांगितलंत?"

ते गप्प राहिले. मग म्हणाले, "यादी लावली ना."

आता ते कारण सांगतो, ज्यासाठी मी 'यादी' या शब्दाला चपापलो होतो.

माझे वडील जुन्या राजवाड्याच्या नगारखान्यात सनई वाजवीत. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते, नुकतेच आपल्या वडिलांशेजारी बसू लागलेले. दरबार गेला तरी घरातली शिस्त दरबाराचीच राहिली. मी त्यांच्या पन्नाशीतला मुलगा. मला गाणे शिकवायचे ठरले. बारा वर्षे पहाटे उठून खर्ज लावला. विसाव्या वर्षी पेठेतल्या उत्सवात माझी पहिली बैठक ठरली, आणि आदल्या दिवशी छापून आलेल्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'तंबोरा' असा शब्द होता. गायचा होता माझा चुलतभाऊ. वडिलांनीच ते बदलून घेतले होते. मी काही विचारले नाही. विचारायची पद्धत नव्हती. त्यांनी काही सांगितले नाही. सांगायचीही पद्धत नव्हती. मी तंबोरा वाजवला, आणि पुढच्या महिन्यात एका शाळेत गायनशिक्षक म्हणून रुजू झालो. वडील जाऊन आता अकरा वर्षे झाली. त्यांनी माझ्यात उणीव पाहिली की आणखी काही पाहिले, हे मला आजही माहीत नाही. शिकवण्यात माझा जीव रमतो, हे खरे. पण ते त्यांना आधी दिसले होते की माझे मला नंतर सापडले? एवढे एक वाक्य ते बोलले असते तर वीस वर्षांचा माझा घोर वाचला असता.

हे सगळे मी मास्तरांना सांगितले नाही. एवढेच म्हटले, "आमच्याकडे गुरूने कारण सांगायची रीत नाही. ती रीत चांगली नाही. तुम्ही रहीमसाहेबांचे म्हणवता, ते शाळामास्तर होते. उद्या कमठाण्याला या."

ते आले. दुचाकीवरून, वही पिशवीत घालून. अक्काने ज्वारीची भाकरी, ठेचा आणि शेंगांची चटणी वाढली. जेवण होईपर्यंत कोणी विषय काढला नाही. मग ओसरीवर मास्तरांनी वही भाच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "वाच." मुलाने वाचले. 'पायात चेंडू आला की गोंधळतो' या ओळीशी तो थांबला. कान लाल झाले. मग पुढचे वाचले. मास्तरांनी थंगराजची गोष्ट सांगितली: हाही हैदराबादकडचाच, पलटणीत गेला तेव्हा सेंटर फॉरवर्ड होता. मागे जाऊन गोलरक्षक झाला, आणि १९५८ साली आशियातला सर्वोत्तम गोलरक्षक म्हणून त्याचे नाव झाले.

"तो गल्लीतला जाड्या पोरगा नव्हता," मी मध्येच म्हणालो. भाच्याने माझ्याकडे असे पाहिले की मी गप्प बसलो.

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने बिदरला गेला.

मी आणखी नऊ दिवस राहिलो, सामना पाहून निघालो. कथेत शोभेल असा शेवट झाला असता तर मलाही आवडले असते. पण आपला संघ हरला, १–० असा. पाचाचा एक झाला, एवढेच. गोल झाला तो भाच्याच्या चुकीने. कॉर्नरला तो पुढे आला आणि चेंडू डोक्यावरून गेला. त्यानंतर मात्र तासभर त्याचा आवाज मैदानभर ऐकू येत होता: मागे ये, डावीकडे बघ, सोड, सोड! बिदरीच्या कारागिराचा पोरगा दोन स्पर्शांत चेंडू सोडत होता, आणि ज्याला सोडायचा तो तिथे असत होता. शेवटच्या दहा मिनिटांत त्यांचे दोन फटके भाच्याने अंगावर घेतले. मुरमाने दोन्ही कोपरे सोलवटली. मास्तरांनी सामना संपल्यावर काही भाषण केले नाही. वही काढली, एकेकाला बाजूला घेतले आणि त्याचे त्याला वाचून दाखवले. सतरा झाल्यावर अठरावा माझा भाचा. त्याला जरा जास्त वेळ लागला.

घरी येताना तो म्हणाला, "मामा, थंगराजांना पहिल्यांदा गोलात उभं केलं तेव्हा राग आला असेल?"

"आला असणार," मी म्हटले.

"त्यांना कोणी कारण सांगितलं होतं का?"

"ते मला ठाऊक नाही."

परतीच्या गाडीत झोप लागली नाही. दर वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनाला मीही एक यादी लावतो: एकटे कोण गाणार, समूहात कोण, पेटीवर कोण. गेल्या डिसेंबरात मी एका मुलीचे नाव एकट्याच्या गाण्यातून काढून समूहात घातले. तिचा स्वर चांगला आहे, पण त्याहून चांगला आहे तिचा कान. बाकीची मुले घसरली की ती त्यांना धरून ठेवते. समूहगीत तिच्याशिवाय उभे राहत नव्हते. यादी लावली आणि मी दुसऱ्या कामाला लागलो. जानेवारीपासून ती वर्गाला येत नाही. मी समजलो, परीक्षा असेल.

तिचे घर आमच्याच पेठेत आहे, तालमीच्या मागच्या बोळात. शनिवारी शाळा लवकर सुटते. तेव्हा जाणार आहे.